रक्त घट्ट करणारी शर्यत

डायलिसिसवरच्या रुग्णांचा रक्तक्षय कमी करण्यासाठी एरिथ्रोपोएटिनचे, म्हणजे ‘ईपीओ’चे इंजेक्शन देतात. निरोगी मूत्रपिंड हे संप्रेरक स्वतःच तयार करते आणि त्यामुळे अस्थिमज्जेत तांबड्या पेशी वाढतात. १९९०च्या दशकात हेच औषध युरोपातल्या सायकलपटूंनी सर्रास वापरले. तांबड्या पेशी वाढल्या की स्नायूंना जादा प्राणवायू मिळतो, आल्प्सची चढण सोपी होते. पण रक्त घट्ट होते आणि घामाने अंगातले पाणी कमी झाले की आणखीच घट्ट. मग गुठळीची भीती. मूत्रपिंडाच्या रुग्णांतही हिमोग्लोबिन १३च्या पुढे नेऊ नये, पक्षाघाताचा धोका वाढतो, हे मोठ्या अभ्यासांतून दिसले आहे.

हे औषध पकडणारी चाचणी नव्हती, तेव्हा १९९७मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने पुरुषांसाठी हिमॅटोक्रिटची, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींच्या प्रमाणाची, मर्यादा ५० टक्के ठरवली. हेतू आरोग्यरक्षणाचा होता; झाले उलटेच. ज्याचे मूळ प्रमाण ४२, त्याला ४९पर्यंत मोकळे रान मिळाले. तपासणीआधी सलाइन चढवून रक्त पातळ करण्याची युक्तीही निघाली.

२०००मध्ये लघवीची चाचणी आली. त्यावर उपाय म्हणून थोडे थोडे औषध शिरेतून घेणे आणि स्वतःचेच साठवलेले रक्त पुन्हा चढवणे सुरू झाले. आपण इतक्या चाचण्या पास झालो, असे लान्स आर्मस्ट्राँग वर्षानुवर्षे सांगत राहिला. २०१२मध्ये त्याची ‘टूर द फ्रान्स’ची सातही विजेतेपदे गेली, ती मुख्यतः सहकाऱ्यांच्या साक्षींमुळे. पुढच्या जानेवारीत त्याने दूरचित्रवाणीवर कबुली दिली.

२००८पासून सायकलिंगमध्ये वापरला जाणारा ‘जैविक पासपोर्ट’ त्यामानाने शहाणपणाचा आहे. त्यात खेळाडूच्या रक्ताची तुलना सर्वांसाठी आखलेल्या एका रेषेशी न करता त्याच्याच जुन्या नोंदींशी होते. चांगला डॉक्टरही रुग्णाचा आजचा रिपोर्ट मागच्या रिपोर्टशेजारी ठेवूनच वाचतो. तरीही अगदी लहान मात्रा यातूनही निसटू शकतात.

म्हणून केवळ चाचण्या वाढवून भागणार नाही. किती मात्रा, कोणत्या वेळी, तपासणीला किती तास आधी, हे गणित बहुतेकदा खेळाडूचे नसते. त्यामागे वैद्यकशास्त्र शिकलेला माणूस असतो. आर्मस्ट्राँग प्रकरणात मिकेले फेरारी या इटालियन डॉक्टरवर खेळातून आजन्म बंदी आली. पण खेळातली बंदी पुरेशी नाही. निरोगी तरुणाच्या शिरेत विनाकारण औषध सोडणे हा वैद्यकीय गैरवर्तनाचाच प्रकार आहे. अशा डॉक्टरचा प्रॅक्टिसचा परवाना काढून घेण्याची तयारी त्या त्या देशाच्या वैद्यकीय परिषदांनी दाखवली पाहिजे. खेळाडूचे पदक जाते, तसे डॉक्टरचेही काही गेले पाहिजे.