'आम्ही' आणि 'आपण' : दोन सर्वनामे, एक सीमारेषा

१/ पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर, पिंपळे निलख. पिंपरी-चिंचवडच्या या तीन उपनगरांच्या नावांत जुना समाज अजून वाचता येतो. 'गुरव' म्हणजे ग्रामदैवताच्या पूजेचे काम परंपरेने पाहणारा समाज. 'सौदागर' हा व्यापाऱ्यासाठीचा फारसी शब्द. मात्र समाजाची खरी नोंद गावांच्या नावांपेक्षा साध्या सर्वनामांत अधिक सापडते. #धागा

२/ येथील एखाद्या गृहनिर्माण सोसायटीच्या सभेतील दोन वाक्ये घ्या. "आम्ही टँकर मागवला आहे." "आपण टँकर मागवला आहे." टँकर तोच, पाणीही तेच. परंतु पहिल्या वाक्यात ऐकणारा त्या पाण्याबाहेर उभा आहे आणि दुसऱ्या वाक्यात तो पाण्याचाही वाटेकरी आहे, बिलाचाही!

३/ भाषाशास्त्र या भेदाला समावेशक आणि व्यावर्तक प्रथमपुरुष असे म्हणते. 'आपण'मध्ये श्रोता असतो, 'आम्ही'मध्ये नसतो. हा भेद संस्कृतच्या 'वयम्'मध्ये नाही, प्रमाण हिंदीच्या 'हम'मध्ये नाही आणि इंग्रजीच्या 'वुई'मध्येही नाही. मग मराठीत तो आला कोठून?

४/ उत्तर दक्षिणेकडे आहे. तमिळमध्ये 'नाम्' म्हणजे आपण, 'नांगळ्' म्हणजे आम्ही. तेलुगूत 'मनमु' आणि 'मेमु'. द्राविडी कुळातील हा भेद प्राचीन आहे. गोदावरी-कृष्णेच्या खोऱ्यांत प्राकृत आणि द्राविडी भाषा शतकानुशतके शेजारी नांदल्या आणि त्या सहवासातून हा भेद मराठीत रुजला, असे अनेक अभ्यासक मानतात.

५/ येथे एक मौज आहे. भेद दक्षिणेचा, पण शब्द उत्तरेचे. 'आम्ही' हा प्राकृत 'अम्हे'चा वंशज. 'आपण'चे मूळ संस्कृत 'आत्मन्'मध्ये. प्राकृतात 'अप्प', 'अप्पाण' अशी रूपे घेत तो आला. 'स्वतः' हा अर्थ सांगणारा शब्द 'तू आणि मी मिळून' असा अर्थ सांगू लागला. गुजरातीतही 'अमे' आणि 'आपणे' अशी जोडी आहे.

६/ भाषातज्ज्ञ मरे एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक 'भाषिक क्षेत्र' असल्याचे मांडले. कुळे भिन्न असली तरी दीर्घ शेजारामुळे भाषा एकमेकींची घडण उचलतात, हा त्यातील गाभा. मराठी हे त्याचे ठळक उदाहरण होय. तेव्हा 'शुद्ध' मराठीचा आग्रह धरणाऱ्यांनी 'आपण' या शब्दाचा इतिहास अवश्य आठवावा.

७/ आता मेंदूचा प्रश्न. भाषा विचार घडवते का? बेंजामिन ली व्होर्फ यांच्या नावाशी जोडला जाणारा टोकाचा दावा, म्हणजे भाषेत नाही ते मनातही येऊ शकत नाही, आज फारसे कोणी मानत नाही. हिंदी बोलणाऱ्यालाही श्रोत्याला वगळणे उत्तम कळते. त्यासाठी त्याला वेगळ्या सर्वनामाची गरज पडत नाही.

८/ रोमान याकबसन यांचा विचार अधिक नेमका आहे. कोणत्याही भाषेत काहीही सांगता येते. फरक पडतो तो एखादी भाषा काय सांगायला भाग पाडते यात. मराठी बोलणाऱ्याला प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम वापरताना ठरवावेच लागते की समोरचा आत आहे की बाहेर. हा निर्णय टाळण्याची सोय व्याकरणाने ठेवलेली नाही.

९/ अशा सक्तीच्या सवयीचा मेंदूवर किती परिणाम होतो? रशियन भाषेत गडद निळा आणि फिकट निळा यांना वेगळे मूळ शब्द आहेत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रशियन भाषकांनी या सीमेच्या दोन बाजूंच्या छटा अधिक वेगाने ओळखल्या. मनातल्या मनात आकडे घोळवण्याचे दुसरे काम दिले, तेव्हा हा फायदा नाहीसा झाला. परिणाम खरा, पण बेताचा.

१०/ म्हणून 'मराठीत आपण आहे, म्हणून मराठी मन सर्वसमावेशक आहे' हे विधान कानाला गोड असले तरी इतिहासाला मान्य नाही. व्याकरण फक्त रेषा ओढायला लावते. ती कोठे ओढायची, हे समाज ठरवतो.

११/ याचा कठोर पुरावा याच शब्दाच्या पोटात आहे. "ते आपल्यातले आहेत का?" स्थळ पाहताना वा भाड्याने घर देताना विचारल्या जाणाऱ्या या प्रश्नात 'आपल्यातले' म्हणजे बहुधा 'आपल्या जातीतले'. जातीचे नाव न घेता जात विचारण्याची सोय याच समावेशक सर्वनामाने करून दिली.

१२/ उलट 'आम्ही' हा नेहमीच संकुचित नसतो. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांवर लिहिलेल्या १९८९ सालच्या ग्रंथाचे नाव 'आम्हीही इतिहास घडवला'. येथे 'आपण' चालला नसता. ज्यांना 'आपण'मध्ये कधी धरलेच नाही, त्यांनी प्रथम 'आम्ही' म्हणणे हेच प्रामाणिक होते. त्यातील 'ही' हे लहानसे अव्यय सर्व इतिहासलेखनाला जाब विचारते.

१३/ भारतीय संविधानाच्या मराठी उद्देशिकेचा पहिला शब्दही 'आम्ही' हाच आहे. तो व्यावर्तक आहे, पण त्या 'आम्ही'मधून कोणताही भारतीय वगळलेला नाही. ती जगासमोर केलेली घोषणा आहे. ती वाचणारा प्रत्येक नागरिक स्वतःला त्या 'आम्ही'त मोजू शकतो का, हीच प्रजासत्ताकाची परीक्षा.

१४/ पुन्हा पवनेच्या काठी. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे औद्योगिक वसाहत वाढली. १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महानगरपालिका. मराठवाडा, खानदेश, विदर्भ आणि नंतर उत्तरेकडील राज्यांतून कामगार आले. गाववाले, भाडेकरू, बाहेरचे असे नवे 'आम्ही' एकाच रस्त्यावर राहू लागले.

१५/ अशा वस्तीत भाषेचे काम कोणते? परप्रांतीयाने मराठी शिकावी ही अपेक्षा रास्तच आहे. पण जी भाषा त्याला शिकवायची, तिच्यात त्याच्यासाठी कोणते सर्वनाम राखून ठेवले आहे, हाही प्रश्न तितकाच रास्त. मराठी शिकूनही जो आयुष्यभर फक्त 'आम्ही'च ऐकतो, त्याला भाषा मिळते, समाज मिळत नाही.

१६/ दोन भाषाकुळांच्या शेजारातून जन्मलेला 'आपण' ही मराठीची कमाई आहे. ती शब्दकोशात सुरक्षित राहील. सोसायटीच्या सभेत, भाडेकरारात आणि लग्नाच्या बोलणीत ती राहते की नाही, हे बोलणाऱ्यांवर आहे. आपापल्या बोलीत 'आम्ही-आपण'ची कोणती रूपे आहेत, ती वाचकांनी खाली जरूर नोंदवावीत.