गवा बसका का दिसतो?

प्राण्यांचे आकार असलेल्या, सुयांवर विणलेल्या चौकोनांविषयी या मासिकाकडे पावसाळ्यापासून सातत्याने येत असलेल्या तक्रारी निरनिराळ्या गावांहून आल्या असल्या, तरी त्यांचा आशय एकच आहे. कागदावर डौलदार दिसणारा गवा सुईवरून उतरतो तेव्हा आखूड पायांचा आणि बसका झालेला असतो, आणि विकत घेणारा त्याला रेडकू समजतो. कोयनानगर-पाटण भागातील विणकाम करणाऱ्या स्त्रियांना ही तक्रार विशेष बोचते, कारण २०१० साली स्थापन झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे जंगल त्यांच्या दाराशी आहे, गवा त्यांनी शेताच्या बांधावर पाहिलेला आहे आणि तो कसा दिसतो हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नाही. दोष त्यांच्या हाताचा नाही. दोष आलेखाचा, म्हणजे टाके मोजण्यासाठी चौकटीच्या कागदावर काढलेल्या चित्राचा आहे आणि तो आलेख तपासून न पाहता वाटणाऱ्या शिक्षिकांचा आहे.

सध्या हातोहात फिरणारे बहुतेक आलेख मुळात मॅटीच्या कापडावरील फुलीच्या टाक्यासाठी काढलेले आहेत. मॅटीचे घर उभे-आडवे सारखे असल्यामुळे चौकटीच्या साध्या कागदावरील चित्र तेथे जसेच्या तसे उतरते, आणि धारवाड-बेळगावकडील कशिद्यातील हत्ती व मोरही कापडाचे उभे-आडवे धागे मोजूनच भरले जातात. सुईवरचा टाका मात्र चौरस नसतो, तो उंचीपेक्षा रुंदीला अधिक असतो. एक ओळ सुलट व एक ओळ उलट अशा साध्या विणीत, ४ मिलिमीटर जाडीच्या सुया आणि त्यांना शोभेल अशी मध्यम जाडीची लोकर घेतली, तर दहा सेंटिमीटर रुंदीत साधारण २२ टाके आणि तेवढ्याच उंचीत ३० ओळी बसतात. यालाच विणीचे माप म्हणतात. या मापाने ३० टाके रुंद आणि २२ ओळी उंच असा गवा विणला, तर त्याची रुंदी १३.६ सेंटिमीटर भरते आणि उंची मात्र अवघी ७.३ सेंटिमीटर होते. कागदावरील प्रमाण राखायचे तर उंची १० सेंटिमीटर हवी, म्हणजे ओळी २२ नव्हे तर ३० हव्यात. आठ ओळींची ही तूट गव्याच्या पायांतून आणि खांद्यावरच्या उंचवट्यातून वजा होते, आणि नेमक्या याच दोन गोष्टींवरून गवा ओळखला जातो.

उपाय अवघड नाही. आलेखाचे घर चौरस न आखता रुंदीला चार आणि उंचीला तीन या प्रमाणात आखावे, म्हणजे जे कागदावर दिसते तेच सुईवर उतरते. असा कागद एकदा हाताने आखून त्याच्या प्रती काढल्या की वर्षभर पुरतो, आणि तरीही शिकवणी वर्गांतून शालेय वहीचे पान फाडून त्यावर प्राणी काढून देण्याची प्रथा थांबत नाही. शिक्षिका स्वतः तो चौकोन विणून पाहत नाहीत, मुलींना सांगतात की पुढचा अधिक चांगला होईल, आणि मुली पहिल्याच चौकोनानंतर सुया ठेवून देतात. नवशिक्या हाताची उमेद अशी मोडणे हा अपराध आहे, आणि त्याला वेळ नसल्याची सबब पुरेशी नाही.

दुसरा गोंधळ सुयांच्या क्रमांकाचा आहे. आपल्या बाजारात सुया अजूनही जुन्या ब्रिटिश क्रमांकांनी विकल्या जातात आणि त्या पद्धतीत क्रमांक वाढला की सुई बारीक होते, तर अमेरिकी पद्धतीत क्रमांक वाढला की सुई जाड होते. आपली आठ नंबरची सुई ४ मिलिमीटरची असते आणि अमेरिकी आठ नंबरची ५ मिलिमीटरची. अमेरिकी कृतीत ५ मिलिमीटरच्या सुईवर दहा सेंटिमीटरला १८ टाके गृहीत धरून २० सेंटिमीटरच्या चौकोनासाठी ३६ टाके घालायला सांगितलेले असतील आणि कराडच्या दुकानातून आणलेल्या आठ नंबरच्या सुईवर २२ टाक्यांच्या मापाने ते विणले, तर चौकोन जेमतेम सोळा सेंटिमीटरचा होतो. सहा आडवे आणि आठ उभे असे ४८ चौकोन जोडून १२० बाय १६० सेंटिमीटरचे पांघरूण करताना असे दोन-चार चौकोन मध्ये आले की शिवण ओढली जाते आणि काठ सरळ राहत नाही. खरी मेंढीची लोकर असती तर ती भिजवून, टाचण्या लावून, ताणून वाळवता आली असती. तालुक्याच्या बाजारात मिळणारा धागा बहुधा ॲक्रिलिकचा, म्हणजे कृत्रिम असतो. तो पाण्याने ताणून बसत नाही आणि इस्त्रीच्या उष्णतेने कायमचा लुळा पडतो. म्हणून माप सुईवरच जमले पाहिजे.

हेच चौकोन भांडी पुसण्याची फडकी म्हणून विणायचे असतील, तर ॲक्रिलिक चालत नाही, कारण ते पाणी शोषत नाही आणि गरम पातेल्याला लागले की वितळते. तेथे सुती धागाच हवा. पण वर्षाला सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या कोयनानगरात सुती विणकाम श्रावणात वाळत नाही, आणि न धुता मोजलेला सुती चौकोन पहिल्या धुण्यात आटतो. फडके धुऊन, पूर्ण वाळवून मगच त्याचे माप कृतीत लिहावे.

आता प्रत्यक्ष गव्याकडे. २० सेंटिमीटरच्या चौकोनासाठी ४४ टाके घालून पहिल्या आणि शेवटच्या सहा ओळी पूर्ण सुलट विणाव्यात आणि मधल्या ४८ ओळींत दोन्ही कडांना चार-चार टाके नेहमी सुलट ठेवावेत, म्हणजे काठ गुंडाळत नाही. काठ याहून रुंद केला तर ती वीण उंचीला आखडते आणि मधला भाग फुगतो. समोरची बाजू सुलट ठेवून प्राण्याचा आकार त्यावर उलट टाक्यांनी काढण्याची रीत आहे, परंतु उलट टाक्यांची आडवी रेघ वर उठते आणि उभी रेघ आत दबते, हे आलेख काढणारे विसरतात. त्यामुळे एका टाक्याचा पाय विणताना दिसतो आणि पूर्ण झाल्यावर नाहीसा होतो. पाय किमान तीन टाक्यांचे असावेत आणि प्राण्याचे अंग दाणेदार विणीने, म्हणजे एक सुलट एक उलट घेऊन पुढच्या ओळीत तो क्रम एका टाक्याने सरकवून, भरावे. मग आकार कुठेही न दबता सपाट आणि ठसठशीत उमटतो. गव्याच्या गुडघ्याखालचा पांढरा रंग दुसरा धागा न घेताही दाखवता येतो. तेथे दाणेदार वीण थांबवून दोन आडव्या उलट ओळी घेतल्या की पाय वेगळे दिसू लागतात. नवशिक्यांनी गवा, हत्ती, ससा, कासव असे भरीव देहाचे प्राणी घ्यावेत. वाघ घेऊ नये, कारण पट्टे एका रंगात उमटत नाहीत आणि पट्ट्यांवाचून तो मांजर होतो.

या कलेचे पद्धतशीर शिक्षण कोणीच का देत नाही, या प्रश्नाचे एक उत्तर सरकारी याद्यांत सापडते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत शिंपी आहे, पारंपरिक बाहुल्या व खेळणी करणारा आहे, मासेमारीची जाळी विणणाराही आहे, पण सुयांवर लोकर विणणारी स्त्री नाही. त्यामुळे पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, त्या काळातील रोज ५०० रुपयांचे विद्यावेतन आणि अवजारांसाठीचे १५,००० रुपये यांपैकी काहीही तिला मिळत नाही. जाळे विणणाऱ्याला कारागीर मानणाऱ्या यादीला पांघरूण विणणारीला कारागीर मानण्यात कोणती अडचण आहे, हे संबंधितांनी सांगावे. विणीचे माप, सुयांचे क्रमांक आणि आलेखाचे प्रमाण हे तीन विषय त्या पाच दिवसांत सहज शिकवून होतात.

तोवर शिक्षिकांनी हातावर हात ठेवून बसू नये. प्रत्येक वर्गाच्या पहिल्या दिवशी मुलींकडून दहा सेंटिमीटरचा तुकडा विणून घ्यावा, टाके व ओळी मोजून वहीत लिहायला लावाव्यात आणि मगच आलेख हाती द्यावा. पुढील अंकापासून दहा सेंटिमीटरमधील टाके व ओळी, सुईची मिलिमीटरमधील जाडी, धाग्याचा प्रकार आणि धुतल्यानंतरचे माप न लिहिलेली कोणतीही कृती या मासिकात छापली जाणार नाही, मग ती पाठवणारी व्यक्ती कितीही ज्येष्ठ असो. शेकरूचा आलेख मात्र आवर्जून हवा आहे. हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, कोयनेच्या झाडीत तो आहे, पण त्याचे शेपूट अंगाहूनही लांब असल्याने ४४ टाक्यांच्या चौकोनात ते खाली सोडावे की पाठीवर वळवावे, हे अद्याप कोणाला समाधानकारकपणे साधलेले नाही. ज्यांना ते साधेल त्यांनी आलेखासोबत विणून धुतलेला चौकोनही पाठवावा.