ठेच लागली, तर सांगून टाका

गेल्या आठवड्यात या सदरात पावसाळ्यातील जुलाब-उलट्यांविषयी लिहिले होते. गल्लीत एका घरी दोघा-तिघांना एकदम जुलाब सुरू झाले, तर लाज न बाळगता आरोग्य केंद्राला कळवावे, त्या एका निरोपावर उरलेली गल्ली वाचते, असे त्यात म्हटले होते. छापून आलेले ते वाक्य वाचताना माझे मलाच ओशाळल्यासारखे झाले. कारण अशीच एक गोष्ट कळवायची वेळ माझ्यावर आली, तेव्हा मी तोंड मिटून बसलो होतो. ती गोष्ट संगणकाची होती. आरोग्याच्या सदरात संगणक कुठून आला, असे वाचक विचारतील. तो कसा आला, तेच आज सांगायचे आहे.

माझ्या छोट्या रुग्णालयात केसपेपर, तपासण्यांचे अहवाल आणि विम्याची बिले गेली काही वर्षे संगणकावर आहेत. एके दिवशी ‘आपल्या विमा बिलावर आक्षेप’ अशा विषयाचा ई-मेल आला. सोबत फाइल होती. अशा मेल रोजच येतात, म्हणून आमच्या रिसेप्शनवरच्या ताईंनी ती उघडली. त्यांची काहीच चूक नव्हती. मी असतो तर मीही उघडली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी एकही फाइल उघडेना. पडद्यावर फक्त पैशांच्या मागणीचा मजकूर. संगणकाच्या भाषेत याला रॅन्समवेअर म्हणतात. आपण खंडणीचा विषाणू म्हणू. तो आपल्याच फाइलींना कुलूप घालतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो.

मी पैसे दिले नाहीत. मेकॅनिकला बोलावून संगणक पुसून घेतला, जुनी माहिती गेली ती गेली. रुग्णांना सांगितले, “कॉम्प्युटर बिघडलाय.” झाकली मूठ सव्वा लाखाची, असा विचार केला.

तीन आठवड्यांनी गावातल्याच एका लॅबमध्ये त्याच विषयाची मेल आली आणि तेच घडले. माझ्याकडे हृदयाची झडप बदललेले एक आजोबा येतात. त्यांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी आहे. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून मागच्या काही महिन्यांचे आकडे पाहूनच मात्रा ठरवावी लागते. ते आकडे माझ्याकडून आधीच गेले होते, आता लॅबमधूनही गेले. आजोबांच्या सुनेने जुन्या चिठ्ठ्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या म्हणून निभावले. लॅबच्या बाई मला एवढेच म्हणाल्या, “सर, तुम्हाला माहीत होतं, तर एक फोन करायचा होता.” माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मोठी रुग्णालयेही सुटली नाहीत

हे आपल्या आडगावातच घडते असे नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये असाच हल्ला झाला. देशातले पहिल्या क्रमांकाचे रुग्णालय, पण जवळपास दोन आठवडे तिथे नोंदणी, दाखले आणि अहवाल हाताने लिहावे लागले. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या विषाणूने इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील ८० संस्थांना फटका दिला आणि तेथील लेखापरीक्षकांच्या अंदाजाने सुमारे १९,००० रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. यातली खेदाची बाब अशी की, त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. मार्च आणि एप्रिलमध्ये रुग्णालयांना तशी सूचनाही गेली होती. सूचना पोचली, पण सगळ्यांनी ती अंमलात आणली नाही.

आयर्लंडचे उदाहरण तर वैद्यकीय महाविद्यालयात शिकवावे असे आहे. तेथील सरकारी आरोग्यसेवेतील एका कर्मचाऱ्याने १८ मार्च २०२१ रोजी मेलमधली एक एक्सेलची फाइल उघडली. चोर आत शिरला आणि तब्बल आठ आठवडे हिंडत राहिला. ३१ मार्चला त्या पहिल्या संगणकावरील विषाणूरोधक प्रणालीने त्याची चाहूल टिपलीही. पण ती नुसती नोंद घेण्यापुरती लावलेली होती, अडवण्यासाठी नव्हे. १४ मे रोजी देशभरातील रुग्णालयांचे संगणक बंद पडले.

यानंतर आयर्लंडने जे केले ते मला महत्त्वाचे वाटते. त्यांनी बाहेरच्या लोकांकडून चौकशी करवून घेतली आणि डिसेंबर २०२१ मध्ये अहवाल जगासमोर ठेवला. कुठे चुकले, कोणता इशारा हातातून निसटला, सगळे लिहिले. त्या पहिल्या संगणकाला अहवालात ‘पेशंट झिरो’, म्हणजे साथीतला पहिला रुग्ण, असे म्हटले आहे. साथरोगाचा शब्द तिथे सहज बसला, कारण दोन्हीकडची रीत एकच आहे: पहिला रुग्ण लवकर सापडला आणि त्याची खबर फिरली, तर दुसरा वाचतो.

खबर म्हणजे नेमके काय?

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला आणि तो उघडपणे सांगितला. ही बातमी कोणालाच नको होती. तरी ती सांगितली गेली म्हणून पुढचे उपाय सुरू होऊ शकले. आज २००४ पासून आपल्याकडे एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. गावातल्या तापाची, जुलाबांची, कावीळीची नोंद आशाताई आणि नर्सबाईंपासून जिल्ह्यापर्यंत जाते. त्यात रोग्याची बदनामी होत नाही. किती जण, कुठे, केव्हा, कशामुळे, एवढेच पुढे जाते.

संगणकाच्या धोक्याची खबरही अशीच असते. मेल कोणत्या पत्त्यावरून आली, विषय काय होता, फाइल उघडल्यावर संगणक कोणत्या पत्त्याशी बोलू लागला, एवढी माहिती लागते. शिवाय प्रत्येक फाइलीचा गणिताने काढलेला एक ठसा असतो. आतला मजकूर तोच असेल, तर फाइलीचे नाव बदलले तरी ठसा बदलत नाही, चोराने टोपी बदलली तरी बोटाचा ठसा तोच राहतो तसा. असे ठसे आणि पत्ते एकमेकांना कळवण्यासाठी बेल्जियममध्ये २०११ च्या सुमारास ‘मिस्प’ नावाची प्रणाली तयार झाली. आज ती अनेक देशांत मोफत वापरली जाते. खबर किती दूर न्यायची, यासाठी सिग्नलच्या दिव्यांसारखे रंगही ठरलेले आहेत. लाल म्हणजे ज्याला सांगितले त्याच्यापुरते, पिवळसर म्हणजे आपल्या संस्थेत आणि गरज आहे तिथे, हिरवा म्हणजे व्यवसायबंधूंत, आणि चौथी खूण म्हणजे सर्वांसाठी खुले. आपल्या देशात हे काम सर्ट-इन ही सरकारी संस्था २००४ पासून करते. २८ एप्रिल २०२२ च्या तिच्या आदेशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. मी सहा तासांत मेकॅनिकला बोलावले, एवढेच.

यंत्राची मदत किती घ्यावी?

आता कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी. चॅटजीपीटीसारख्या प्रणाली आल्यापासून दोन्ही बाजूंना नवे हत्यार मिळाले आहे. पूर्वी खोटी मेल तिच्या मोडक्यातोडक्या भाषेवरून ओळखू यायची. आता ती स्वच्छ मराठीत, अगदी ‘स.न.वि.वि.’ घालून येऊ शकते.

पण हेच यंत्र आपल्याही कामाला येते. समजा, तालुक्यातल्या दहा दवाखान्यांनी आपापल्या पद्धतीने कळवले. एकाने इंग्रजीत लिहिले, दुसऱ्याने पडद्याचा फोटो पाठवला, तिसऱ्याने फोनवर बोलून ठेवले. या सगळ्यातून तारीख, पत्ता, विषय आणि फाइल वेगळी काढणे, ‘विमा बिल’ आणि ‘क्लेम ऑब्जेक्शन’ ही एकच मेल असू शकते हे दाखवून देणे, सर्ट-इनच्या लांबलचक इंग्रजी सूचनेचा चार ओळींत मराठी मथितार्थ करणे, ही कामे यंत्र काही मिनिटांत करते. दिवसभर ओपीडी करणाऱ्या डॉक्टरला त्यासाठी सवड कुठली?

मात्र यंत्र ठामपणे चुकते, हे विसरू नये. नसलेला पत्ता ते खरा म्हणून लिहील, एक आकडा इकडचा तिकडे करील. चुकून आपल्याच लॅबचा पत्ता ‘धोकादायक’ यादीत गेला, तर उद्यापासून तिचे अहवाल येणे बंद होईल. ‘कर्ल’ नावाचे सॉफ्टवेअर जगभर वापरले जाते. त्याचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग यांनी जानेवारी २०२४ मध्येच लिहिले होते की, यंत्राकडून लिहून घेतलेल्या, दिसायला झकास पण आतून पोकळ अशा तक्रारी तपासण्यात त्यांच्या लोकांचा वेळ जातो. खोट्या खबरांचा ढीग साचला की खरी खबर त्याच्या तळाशी जाते.

यावरही वैद्यकाने फार पूर्वीच तोड काढली आहे. रोग सर्वेक्षण कार्यक्रमाचा एक कक्ष दिल्लीत रोज वृत्तपत्रे चाळतो. पण कुठे साथीची बातमी दिसली म्हणून लगेच साथ जाहीर होत नाही. आधी त्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे विचारणा होते, तो खात्री करतो, मग पुढचे पाऊल. आपणही हेच करावे. यंत्राने निवडावे, माणसाने फोन करून खातरजमा करावी, आणि मगच इशारा फिरवावा. रुग्णाचे नाव, आजार, आधार क्रमांक यंत्राला देऊ नये. चोराचा पत्ता सांगायला घरातल्या माणसांची नावे सांगावी लागत नाहीत.

बदनामीचे काय?

माझे एक व्यवसायबंधू म्हणाले, “अहो डॉक्टर, हे कळलं तर पेशंट दुसरीकडे जातील.” ही भीती खरी आहे आणि मीही तिलाच बळी पडलो. पण माता मृत्यू अन्वेषणात आपण काय करतो? दोष कोणाचा हे शोधत नाही. उशीर कुठे झाला, रक्त का मिळाले नाही, हे शोधतो, म्हणजे पुढची बाळंतीण वाचावी. संगणकाच्या बाबतीतही तोच शिरस्ता हवा. डॉक्टरांच्या संघटनेने दर महिन्याच्या सभेत दहा मिनिटे यासाठी ठेवावीत, नाव न घेता घटना सांगावी आणि एकाने ती नोंदवहीत लिहावी. माझे मत असे की, या नोंदवहीशिवाय कितीही हुशार यंत्र आणले तरी ते रिकामे जाते फिरवण्यासारखे होईल. दाणे आपणच टाकायचे आहेत.

गेल्या सभेत मी उभा राहून माझी गोष्ट सांगितली. लॅबच्या बाई समोरच बसल्या होत्या. मी खाली बसल्यावर आणखी दोघांनी हात वर केले. त्यांच्याकडेही तीच मेल आली होती, त्यातल्या एकाकडे माझ्याही आधी. त्यांनी तेव्हा सांगितले असते तर मी वाचलो असतो, हा विचार मनात आला आणि लगेच लाजही वाटली.

डॉक्टर आणि लॅबवाल्यांसाठी थोडक्यात:

१. संगणकाला कुलूप पडलेले दिसताच इंटरनेट आणि इतर संगणकांशी असलेली जोडणी तोडा. मात्र तो लगेच पुसू नका. माझी तीच चूक झाली, पुरावा गेला.

२. पडद्यावरच्या मजकुराचा फोटो घ्या. आलेली मेल जपून ठेवा, पण ती फाइल कोणालाही पाठवू नका.

३. सर्ट-इनला आणि जिल्ह्याच्या सायबर पोलिसांना कळवा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा.

४. गावातल्या निदान दोन व्यवसायबंधूंना त्याच दिवशी सांगा.

५. माहितीची एक प्रत दर आठवड्याला वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क संगणकाला जोडून ठेवू नका.

वाचकांसाठी दोनच गोष्टी. आपल्या तपासण्यांचे कागद आजोबांच्या सुनेसारखे एका पिशवीत नीट ठेवा. रक्तगट, चालू गोळ्या आणि कशाची ॲलर्जी आहे ते वरच्या कागदावर लिहा. आणि दुसरी, एखाद्या डॉक्टरने प्रामाणिकपणे सांगितले की, “आमच्या संगणकावर हल्ला झाला, माहिती गेली,” तर त्याला नावे ठेवू नका. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. पण पुढचा गुपचूप लंगडत निघून गेला, तर मागच्याला दगड दिसणार कसा? त्याला ओरडायला धीर मिळेल असे वागणे आपल्या हातात आहे.