सुधारक दलवाई माहीत आहेत, कादंबरीकार दलवाई?

गेल्या दीड महिन्यात तीन पुस्तकं वाचून संपवली. हमीद दलवाईंची कादंबरी 'इंधन', राही मासूम रझांची हिंदी कादंबरी 'आधा गाँव' आणि मेहरुन्निसा दलवाईंचं आत्मकथन 'मी भरून पावले आहे'. एकापाठोपाठ वाचल्यामुळे ती माझ्या डोक्यात एकमेकांशी बोलू लागली. त्यातून जे मत तयार झालं ते इथं मांडतो.

तालुक्याच्या वाचनालयात 'इंधन' मला कादंबऱ्यांच्या कपाटात सापडली नाही. ती 'मुस्लिम प्रश्न' अशी चिठ्ठी लावलेल्या कप्प्यात होती. घरी आणली तर मामूंनी मुखपृष्ठावरचं नाव वाचून विचारलं, "ये कायकू लाया रे घर में?" मामूंनी ती वाचलेली नाही. ती चिठ्ठी लावणाऱ्यानेही वाचली असेल असं वाटत नाही.

'इंधन' १९६५ची. हृदयविकाराच्या आजारानंतर विश्रांतीसाठी निवेदक बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी येतो. गावात मुसलमान आहेत, कुळवाडी आहेत, बामण आहेत, नुकतेच बौद्ध झालेले लोक आहेत. जुनी गावकीची कामं आणि जुने मानपान आता सगळ्यांना मान्य नाहीत. जमीन, अहंकार, चोरटे शरीरसंबंध, पिढ्यांचे राग असं बरंच काही साठलेलं आहे. मग ठिणगी पडते आणि हिंसा होते. कादंबरीचं नाव 'आग' नाही, 'इंधन' आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दंगल बाहेरून कुणी येऊन पेटवली असं म्हणून आपण मोकळे होतो. दलवाई विचारतात, लाकूडफाटा कुणी रचून ठेवला होता?

यातले मुसलमान गरीब बिचारे नाहीत आणि खलनायकही नाहीत. ते वर्चस्व गाजवतात, घाबरतात, प्रेम करतात, एकमेकांशी कपटाने वागतात. मराठी कथा-कादंबऱ्यांत मुसलमान बहुधा शेजारचे चाचा म्हणून येतात, शीरखुर्मा देतात आणि निघून जातात. 'इंधन'मध्ये ते सगळ्या पापपुण्यासकट राहतात.

असंच गाव 'आधा गाँव'मध्ये भेटतं. 'इंधन'नंतर वर्षभराने आलेली ही कादंबरी गाझीपूर जिल्ह्यातल्या गंगौलीची आहे. तिथल्या शिया सय्यदांच्या दोन पट्ट्या, उत्तर आणि दक्खिन, मोहर्रमच्या मातमातही चढाओढ करतात. अलिगढहून शिकलेली मुलं पाकिस्तानचा प्रचार करायला येतात, तेव्हा गावकऱ्यांना कळतच नाही की गंगौली सोडून कुठं आणि कशासाठी जायचं. पुढे फाळणी होते, जमीनदारी जाते, तरुण निघून जातात आणि अर्धी घरं वाट बघत बसतात. रझा एवढ्यावर थांबत नाहीत. कादंबरीच्या मध्येच ते स्वतः भूमिका मांडायला उभे राहतात आणि सांगतात की हे गाव माझं आहे. हिंदी वाचकांनी या कादंबरीला कादंबरी म्हणूनच डोक्यावर घेतलं. तिच्यावर वाद झाले, पण तिला कुणी 'प्रश्ना'च्या कप्प्यात टाकलं नाही.

दलवाईंच्या वाट्याला हे आलं नाही. १८ एप्रिल १९६६ला मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा, १९७०मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ, तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्धची लढाई हे सगळं इतकं मोठं होतं की लेखक त्याखाली झाकला गेला. आज काही जण त्यांचं नाव फक्त आम्हाला टोचायला वापरतात, "बघा, तुमच्यातला एक तरी शहाणा होता." आणि आमच्यातले बरेच जण त्या टोचणीचा राग दलवाईंवर काढतात. त्यांच्या काही राजकीय मतांशी माझंही जुळत नाही. पण म्हणून कोकणातल्या मुसलमानाचं मराठीतलं इतकं खरं चित्र मी का गमवावं?

तिसरं पुस्तक वाचताना मी सगळ्यात जास्त वेळा थांबलो. मेहरुन्निसाबाई उर्दू बोलणाऱ्या घरातल्या. आधी निकाह, मग नोंदणी विवाह. संसार चालला तो त्यांच्या नोकरीच्या पगारावर. नवरा समाजासाठी फिरत होता आणि घरात दोन मुली होत्या. मग मूत्रपिंडाचा आजार आला आणि १९७७मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी, हमीदभाई गेले. त्यानंतर बाई खचून घरी बसल्या नाहीत, मंडळाचं काम करत राहिल्या. हे सगळं त्या बोलल्यासारखं सांगतात, कुरकुर न करता. सुधारणा भाषणातून होते असं आपण म्हणतो, पण महिन्याच्या एक तारखेला किराणा कोण भरत होतं, हे इथं कळतं. दलवाईंच्या बाजूने आणि विरोधात तावातावाने बोलणारे पुरुष मी पुष्कळ पाहिले. त्यातल्या एकाच्याही तोंडून मी या पुस्तकाचं नाव ऐकलेलं नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे. ग्रंथपालांनी 'इंधन' कादंबऱ्यांच्या कपाटात हलवावी. मराठी शिकवणाऱ्यांनी ती साहित्य म्हणून शिकवावी, मुसलमान समजून घेण्याचं साधन म्हणून नाही. आणि आमच्या मोहल्ल्यातल्या पोरापोरींनी ती आधी वाचावी. मराठीत आपली माणसं, आपली भांडणं, आपली पापं छापून आलेली बघण्याचा आनंद काय असतो, हे त्यांना कळायला हवं. नाही पटलं तर खुशाल भांडा, फक्त वाचून भांडा. मामूंच्या उशाशी मी पुस्तक ठेवलंय. काल पाहिलं तर त्यांचा चष्मा त्याच्यावर होता.