पट कमी नाही, मुले पटावर घेतलेली नाहीत

पंचतारांकित औद्योगिक वसाहतीभोवतालच्या गावकऱ्यांनो, कामगार बंधू-भगिनींनो, कारखानदारांनो,

जिल्हा परिषदेच्या लहान शाळांचा पट घसरलाय, त्या चालवणे परवडत नाही, हे पालुपद आपण गेली काही वर्षे ऐकतो आहोत. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. त्याच महिन्यात सरकारी शाळा कंपन्यांना दत्तक देण्याचा शासन निर्णय निघाला. म्हणजे लहान शाळा एक तर मिटवायची, नाही तर दुसऱ्याच्या पदरात टाकायची. कागलच्या मातीत हे मुकाट्याने चालू द्यायचे का?

पट घसरला हे खरे. पण मुले गेली कुठे? गावातली ऐपतदार घरची मुले सकाळी पिवळ्या बसमधून इंग्रजी माध्यमाला जातात. ती गेलेली सगळ्यांना दिसतात. आलेली मुले मात्र कुणी मोजत नाही. लक्ष्मी टेकडीपासून तळंदगे, कसबा सांगावच्या बाजूला जा. भाड्याच्या एका खोलीत बिहारचे कुटुंब, शेजारी ओडिशाचे, पलीकडे कर्नाटकातले. आई-बाप पाळीला गेले की थोरली पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन दारात बसते. वय आठ-नऊ वर्षांचे. तिचे नाव कोणत्या शाळेच्या पटावर आहे? आपल्या फाउंड्रीत आणि सुताच्या गिरणीत तिचे आई-बाप चालतात, मग आपल्या शाळेत ती का चालत नाही?

पट आणि शिक्षक यांचे गणित प्रत्येक पालकाने समजून घ्यावे. तीस सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते आणि त्यावर शिक्षक ठरतात. त्यात आधार पडताळणी झालेलेच विद्यार्थी धरायचे, असे धोरण अलीकडे आले. फिरत्या कामगाराच्या मुलाच्या जन्मतारखेचा घोळ असतो, नावाची अक्षरे जुळत नाहीत. असे मूल वर्गात बसून धडा वाचत असले तरी शिक्षक मंजूर करताना हिशेबात येत नाही. मग शिक्षक कमी होतो. एकच गुरुजी जोडवर्ग करून चार इयत्ता सांभाळतात, पोषण आहाराच्या नोंदी करतात, ऑनलाइन माहिती भरतात, मतदारयाद्यांचे काम आले तर तेही करतात. साहजिकच पोरे वाचनात मागे पडतात, पालक पोरे काढून नेतात आणि पट आणखी खाली येतो. ही घसरण मुलांनी केलेली नाही. ती कागदावर आखलेली आहे.

कायदा काय सांगतो तेही ऐका. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला यायचा आहे म्हणून मुलाला थांबवून ठेवता येत नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे स्थानिक प्राधिकरणाचे काम आहे. आणि प्राथमिक शाळेत साठपर्यंत पट असेल तरी दोन शिक्षक हवेत. वीसच्या आत पट म्हणजे शाळा बंद, असे त्या कायद्यात कुठेही नाही.

लहान शाळेत गुणवत्ता नसते म्हणणाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातले जालिंदरनगर पाहावे. तिथली जिल्हा परिषदेची शाळा तीन मुलांवर आली होती. दत्तात्रय वारे गुरुजी आणि गावकरी यांनी ती उभी केली, आणि २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या पुरस्कारांत लोकांच्या मतांचा पुरस्कार तिने मिळवला. वीसची फूटपट्टी लावली असती तर तिला आधीच कुलूप लागले असते. आपल्या जिल्ह्यालाही बाहेरचे दाखले लागू नयेत. शिष्यवृत्ती परीक्षेच्या गुणवत्ता यादीत कोल्हापूरच्या जिल्हा परिषद शाळांची मुले वर्षानुवर्षे झळकत आली आहेत, तीही खेड्यातली.

कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. शाळेत पोर आले नाही तर त्याला धरून आणायचे, ही राजाची रीत होती. आज पोर आले नाही म्हणून शाळाच काढून घ्यायची भाषा होते, तीही त्यांचे नाव घेत.

आता कारखानदारांना. तुमचा पैसा आम्हाला नको, असे आम्ही म्हणत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठराविक मर्यादेवरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला द्यावेच लागतात. ते शेजारच्या शाळेला द्या. पण दत्तक योजनेत ग्रामीण शाळेसाठी दहा वर्षांचे एक कोटी ठरवले आणि देणगीदाराचे नाव शाळेला जोडायची मुभा दिली, ती आम्हाला मान्य नाही. आमच्या आजोबांनी श्रमदान केलेल्या शाळेवर पाटी गावाचीच राहील. कारभार शाळा व्यवस्थापन समितीचा राहील, आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तुम्हाला खरेच काही करायचे असेल तर पाळणाघर नीट चालवा, कंत्राटी बायांची मुलेही त्यात घ्या. थोरली पोरगी शाळेत येईल ती त्यामुळेच. खोल्यांपासून शाळेपर्यंत गाडी द्या. ट्रकच्या वर्दळीतून सहा वर्षांचे पोर एकटे चालत कसे जाईल, याचा विचार करा.

शिक्षण खात्याकडे मागणी एकच आहे. आधी वसाहतीभोवतालच्या खोल्यांचे घरोघर सर्वेक्षण करा, सापडेल ते मूल पटावर घ्या, आधार नसले तरी शिक्षक मोजताना धरा. ते झाल्याशिवाय या परिसरातल्या एकाही शाळेच्या समायोजनाचा, म्हणजे ती दुसरीत मिसळण्याचा, कागद पुढे सरकू देणार नाही.

आणि गावकऱ्यांनो, खोलीचे भाडे आपण दर महिन्याला घ्यायला जातो. या वेळी जाल तेव्हा घरात शाळेच्या वयाचे मूल आहे का, ते विचारा. असेल तर त्याला आणि त्याच्या आईला घेऊन शाळेत या, नाव घाला. येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी मांडा, ठराव करून घ्या आणि त्याची प्रत हातात घेऊनच घरी जा. तीस सप्टेंबरच्या आत हे झाले पाहिजे.

आपले,
पंचतारांकित वसाहत परिसरातील पालक