कोंडलेली खोली कुठे आहे?

शिबिरासाठी इस्लापूरहून आम्ही सात जणी पुण्याला गेलो होतो. तेव्हा केळकर संग्रहालयातला मस्तानी महाल पाहिला. कोथरूडचा महाल उतरवून तो इथे पुन्हा उभारलेला आहे. एक गृहस्थ मुलांना सांगत होते, मस्तानी इतकी गोरी, की पानाचा रस गळ्यातून उतरताना दिसायचा. (ही दंतकथा आमच्याकडेही पोचलीय. २०१५च्या सिनेमाने तर तिला काशीबाईंबरोबर नाचवली.) आमच्यातली एक जण मात्र म्हणाली, "ताई, हिला कोंडलं ती खोली कोणती?"

ती इथे नाही. बाजीराव मोहिमेवर असताना त्याच्या भावाच्या आणि मुलाच्या संमतीने मस्तानीला कैद केले गेले. १७४० मध्ये रावेरखेडीला तो वारला, पाठोपाठ तीही. प्रेमकथा सांगणारे गळ्यावर रेंगाळतात आणि कैद दोन वाक्यांत उरकतात. मला हे मान्य नाही. कैद घरच्यांनी केली, ही त्या कथेतली सगळ्यात खरी गोष्ट आहे.

विचारणारीच्या लेकीने परजातीतला मुलगा पसंत केला, तेव्हा भावांनी तिला धान्याच्या खोलीत कोंडले होते. किल्ली आईच्या कमरेला होती. हे तिनेच गाडीत सांगितले, आणि लिही म्हणाली.