घरचा वॉचमन

परवा सुट्टी टाकून मूलला गेले. चंद्रपूरहून गडचिरोलीच्या रस्त्याला लागणारं आमचं मूल. बघते तर काकू अंथरुणात. अंगात ताप, हातापायांवर लाल, दुखऱ्या गाठी. कुष्ठरोगाच्या गोळ्यांचं पाकीट उशाखाली, अर्धं तसंच.

"काकू, गोळ्या का सोडल्या?"

"बाधल्या न मले! रोग बरा होता, दवाईनंच आग लावली."

बाबा आमटेंचं आनंदवन आमच्याच जिल्ह्यात, वरोऱ्याला. तरी घरात हे सगळं कुजबुजत चाललेलं! सरळ डॉक्टरांकडे नेलं.

"गोळ्यांचा दोष नाही, ही रिअॅक्शन," ते म्हणाले. औषधाने जंतू मरतात, पण त्यांचे अवशेष अंगात उरतात. ते दिसले की आपल्याच पेशी टीएनएफ-अल्फा नावाचं प्रथिन सोडतात. हा आपला वॉचमन. चोर दिसला की शिट्टी मारून फौज गोळा करतो. पण कधी कधी चोर मेल्यावरही शिट्टी थांबत नाही. मग ताप, गाठी, नसांना सूज. वेळेत उपचार नाही झाले तर हात-पाय कायमचे बधिर.

मग वॉचमनला काढूनच टाका ना? तेवढं सोपं नाही, मंडळी! संधिवातावर टीएनएफ रोखणारी महागडी इंजेक्शनं मिळतात. पण ती घेतल्यावर अंगात दबून बसलेला टीबी उसळू शकतो, हे २००१ मध्ये लक्षात आलं. म्हणून इंजेक्शनआधी टीबीची तपासणी करतात.

गंमत म्हणजे थॅलिडोमाइड. गर्भातल्या बाळांना व्यंग आणणारं म्हणून १९६१ मध्ये बाजारातून हटवलेलं बदनाम औषध. १९६४ मध्ये जेरुसलेमच्या डॉ. शेस्किन यांनी अशाच रिअॅक्शनच्या पेशंटला झोपेसाठी ते दिलं, आणि गाठीच ओसरल्या! ते टीएनएफ कमी करतं, हे कळायला १९९१ उजाडलं. गरोदरपणात मात्र आजही त्याला सक्त मनाई.

काकूला स्टिरॉइड सुरू झालं. आणि कुष्ठरोगाच्या गोळ्या? त्याही चालूच. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात, फक्त मध्येच सोडायच्या नाहीत.

काल फोन केला. "ताप उतरला," काकू म्हणाली. "अन् गोळी?"

"घेतली न बाई! तुह्या वॉचमनले सांग, आता झोप म्हणा."